वॅक्स उतरेपर्यंत

आम्ही मूळचे चामटोलीचे. आता तिथेही इमारती उभ्या राहतायत, पण माझ्या लहानपणी भाताची खाचरं आणि मधे मधे घरं, असं होतं. माझं नाव काशिनाथ, गावात काश्या, आणि इथे बदलापुरात, कात्रपला, गेली वीस-बावीस वर्षं पॉलिशवाले काका. बापूस शेती करायचा, उन्हाळ्यात वीटभट्टीवर जायचा, आय भाजी घेऊन बदलापूरला बाजारात बसायची. आम्ही आईला आय म्हणायचो, आमच्याकडे सगळेच म्हणतात. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे एका गाडीच्या काचेवर आई असं लिहिलेलं येणार आहे, तेव्हा तुम्हाला वाटायला नको की ती दुसरी कोणी.

आम्ही दोन भाऊ. बाळाराम मोठा, मी धाकटा, मधे सहा वर्षं. दादा सातवीनंतर शाळा सोडून बापसाबरोबर शेतात गेला आणि मी बारावीपर्यंत शिकलो, ते असं की आय बोलली, एक तरी शिकू दे, आणि एक म्हणजे कोण ते दादानेच ठरवलं. मला सायकलच्या कॅरियरवर बसवून तो रोज बदलापूरला शाळेत सोडायचा, पावसात गोणपाटाची खोळ डोक्यावर घेऊन. ती सायकल काय सांगू तुम्हाला, कुणाची तरी जुनी घेतलेली, पण रविवारी दादा ती अंगणात उलटी करून ठेवायचा, चुलीतली राख कपड्यात घेऊन रिम घासायचा, मग खोबरेल तेलाचं बोट फिरवायचा आणि मला बोलायचा, काश्या, आता तोंड बघ. रिममध्ये माझं तोंड लांबुळकं दिसायचं, वांग्यासारखं. लोक विचारतात, काका, पॉलिश कुठे शिकलात. मी उल्हासनगरचं नाव सांगतो, कारण अंगणात शिकलो असं सांगितलं तर कोण आपली चौदा लाखांची गाडी हातात देईल.

उल्हासनगरला लछू सेठकडे मी सात वर्षं होतो. सेठ जुन्या गाड्या घ्यायचा, चकाचक करायचा आणि विकायचा. दुकानामागे पत्र्याची शेड, तिथे डेंटर, पेंटर आणि मी. माणूस वाईट नव्हता. दुपारी सगळ्यांना बसवून दाल-पकवान खाऊ घालायचा आणि स्वतः उभा राहून खायचा. त्याने मला दोन गोष्टी शिकवल्या, एक खरं काम आणि एक खोटं काम, आणि कुठलं कधी करायचं तेही शिकवलं, फक्त ते मी ऐकलं नाही.

तुम्हाला समजेल असं सांगतो. गाडीच्या रंगावर एक पारदर्शक थर असतो, आम्ही त्याला क्लिअर म्हणतो. कागदाहून पातळ. ओरखडा पडतो तो बहुतेक त्या थरात. आता ओरखडा काही काढता येत नाही, तो म्हणजे खड्डा, खड्डा कसा काढणार. आजूबाजूचा थर घासून घासून खड्ड्याच्या बुडापर्यंत आणायचा, म्हणजे ओरखडा गेला. त्याला पाणी लावून बारीक पॉलिशपेपर मारायचा, दोन हजार नंबरचा, मग मशीनवर कंपाउंड, म्हणजे घासायची पेस्ट, मग पॉलिश, मग हाताने वॅक्स. म्हणजे गाडी नवी दिसते ती तिच्यातलं थोडं कमी झालं म्हणून. हे झालं खरं काम. खोटं काम सोपं. तेलकट पॉलिश घ्यायचं, ओरखड्यांत भरायचं, वरून वॅक्स ओढायचं. आरशासारखी दिसते. दोन-तीन महिने जातात, चार वेळा गाडी धुतली की भरलेलं सगळं वाहून जातं आणि खालचे ओरखडे, डाग, होते तसे परत वर येतात. लछू सेठ बोलायचा, साईं, गिराक को चमक चाहिए, आज चाहिए, घासता क्यों बैठता है. मला ते पटायचं नाही. मी घासत बसायचो. सेठ मला पेपरमास्तर म्हणायचा.

मग मी सुटलो, सेकंडहँड बफिंग मशीन घेतली, स्कूटरला पुढे पेटी बांधली आणि घरी जाऊन पॉलिश सुरू केलं. कार्ड छापलं. त्यावर माझं नाव, नंबर आणि खाली लाल अक्षरात, एकदा काढलेला डाग परत दिसणार नाही. ते वाक्य मी स्वतः बनवलं होतं. पहिलं कार्ड दादाला दिलं. त्याने वाचलं, उलटं करून मागे काही आहे का ते बघितलं आणि कपाटात ठेवलं.

घरी जाऊन काम करायचं म्हणजे माणसं बघायला मिळतात. गॅरेजला गाडी एकटी येते, घरी गाडीबरोबर मालक असतो. तो गॅलरीत उभा राहतो, मग खाली येतो, मग मोबाईलवर बघितलेलं मला शिकवतो. अंबरनाथला एक साहेब आहेत, कंपनीत ऑफिसर होते, त्यांच्या गाडीला टपावर सामानाचा लोखंडी सांगाडा आहे, मागे डोंगराचं चित्र आहे, आणि गाडी आजपर्यंत कल्याणच्या पुढे गेलेली नाही. मी बोललो साहेब, चिखल कुठेच नाही हो. ते बोलले, काळजी घेतो आम्ही. कात्रपच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी दरवर्षी मीटिंगच्या आदल्या दिवशी गाडी घासून घेतात आणि गेटच्या तोंडाशीच लावतात, म्हणजे सभासदांना सभेला जाताना तिला वळसा घालूनच जावं लागतं. हसू नका, त्यांनी मला कधी चहाशिवाय सोडलं नाही.

आता दादाच्या गाडीचं सांगतो. तेच सांगायचंय, बाकीचं आपलं बोलण्यात आलं.

बापूस गेल्यावर जमिनीची वाटणी झाली, पंचांसमोर, सरळ, भांडण नाही. रस्त्याकडचा तुकडा दादाला, नाल्याकडचा मला. तेव्हा नाल्याकडचा चांगला, पाणी जवळ. मग बिल्डर आले, आणि बिल्डरला पाणी लागत नाही, रस्ता लागतो. दादाची जमीन गेली, माझी तशीच राहिली. दादाची काय चूक त्यात, काही नाही. हे मला तेव्हाही कळत होतं. पण कळणं वेगळं आणि घशाखाली उतरणं वेगळं. दादाने बंगला बांधला, पुढे पोर्च, पोर्चला खांब, खांबावर सिमेंटचे सिंह. आणि पांढरी गाडी घेतली, मोठी, सात माणसांची, घरात माणसं चार. मागच्या काचेवर लिहून घेतलं, आईचा आशीर्वाद. घरात जन्मभर आय, आणि काचेवर आई. मी मनात हसलो. गाडीच्या पूजेला दादाने स्वतः फोन केला, काश्या, दहाला ये. मी बोललो अंबरनाथला काम आहे. काम नव्हतं. त्या दिवशी मी घरी बसून मशीनचे पॅड धुतले. सुनंदा, माझी बायको, बोलली, भावाच्या दारात गाडी आली आणि तुम्ही पॅड धुता. मी पुढचा पॅड घेतला. तिथून ही चूक सुरू झाली. तेव्हा दिसली नाही एवढंच.

त्यानंतर आयने एक विषय धरला. मी गावी गेलो की जेवायला वाढताना विचारायची, काश्या, दादूसची गाडी कवा घासशील. मी बोलायचो, करू ना, येत्या रविवारी. ती बोलायची, लोकांच्या गाड्या घासतोस, भावाची नाय घासत, लोकं मना विचारतान. मी बोलायचो, आय, रविवारीच लोक घरी असतात, रविवारीच माझा धंदा असतो. ती बोलायची, मग दादूस काय सोमवारचा भाव हाय. असं तीन-चार वर्षं चाललं. ती काही मागत नसे, एवढंच मागायची. मी शेकड्याने गाड्या केल्या असतील, सिंधी लोकांच्या, ऑफिसर लोकांच्या, नगरसेवकाच्या, आणि त्या एका गाडीला हात लावला नाही. कारण काय, तर मी घासली तर ती आणखी चमकेल, आणि दादाही.

आय गेली तेव्हा मी अंबरनाथला त्या डोंगराचं चित्र असलेल्या गाडीवर होतो. मशीन चालू असली की फोन ऐकू येत नाही, आणि कंपाउंडची धूळ जाते म्हणून मी तो स्कूटरच्या डिकीत ठेवतो. दुपारी डिकी उघडली तर दादाचे नऊ फोन. तिला सकाळी घाम फुटला, दादाने त्याच गाडीतून नेलं, वहिनी मागे तिला धरून, दादा एका हाताने गाडी चालवतोय, एका हाताने मला फोन लावतोय. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. दादा मला काही बोलला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. नंतर दीड वर्ष तो माझ्याशी लागेल तेवढंच बोलायचा. आलास. जेव. निघालास. गावी गेलो की तो खुर्चीत बसायचा, मी पायरीवर बसायचो आणि आम्ही दोघं पोर्चमधल्या गाडीकडे बघायचो. मला दुसरं काही नको होतं, दादाने एकदा पूर्वीसारखं तोंड भरून बोलावं एवढंच हवं होतं. आणि माझ्याकडे देण्यासारखं काय होतं, हात होता फक्त.

मग चैत्रात आमच्या भावकीची बस एकवीरेला निघाली. सगळे एका बसने जातात, म्हणजे दादाची गाडी दिवसभर घरी. मी सुनंदाला पाठवलं आणि मी थांबलो. वहिनीला आदल्या दिवशी फोन करून ठेवला होता की दादाला सांगू नका, तुम्ही परत याल तोवर मी गाडी करून ठेवतो, आय सारखी बोलायची. वहिनीचा आवाजच बदलला. बोलली, करा भावजी, पोर्चमधला प्लग चालू ठेवते, ह्यांना बरं वाटेल.

सकाळी आठला सुरुवात केली. काय सांगू तुम्हाला, इतक्या मनापासून मी कधी काम केलं नसेल. दोनदा धुतली, रंगात बसलेली धूळ क्ले म्हणतात त्या मऊ मातीच्या गोळीने काढली. कडांना टेप लावल्या, कारण कडेला रंग पातळ असतो, मशीन टेकली की खाली पत्रा. मागच्या काचेवर आईचा आशीर्वाद लिहिलंय ना, त्याच्या प्रत्येक अक्षराच्या कडेने टेप लावली, बारीक कापून कापून, की कुठे पॅड लागून टवका जायला नको. अर्धा तास त्यात गेला. तो अर्धा तास मला अजून दिसतो.

दारं झाली, टप झाला. मग बॉनेटवर आलो. बॉनेटच्या मधोमध पूजेचं कुंकू रंगात उतरलेलं होतं. हे बहुतेक गाड्यांना असतं. नवीन गाडीवर लोक ओलं कुंकू लावून स्वस्तिक काढतात आणि भक्तीने दोन-चार दिवस पुसत नाहीत, ऊन लागतं, ते क्लिअरमध्ये शिरतं. गिऱ्हाईक पहिलं तेच दाखवतं, काका, हे जाईल का. इथे तर फारच आत गेलं होतं, फिकट गुलाबी, जवळून बघितलं तर दिसणारं. कंपाउंडने हललं नाही. दोनदा मारलं, हललं नाही. मग मी पेपर काढला, दोन हजारचा, पाण्यात भिजवला आणि लाकडी गुटक्यावर लावून हलक्या हाताने सुरू केलं. घासताना माझ्या लक्षात आलं की स्वस्तिकाची एक बाजू उलटी वळलीय. तीन एकीकडे आणि एक दुसरीकडे. मी एकटाच हसलो. मनात म्हटलं, कुठला अडाणी भटजी आणला होता दादाने, एवढे पैसे खर्च करून. आणि घासत राहिलो. पेपरखालून दुधासारखं पाणी निघत होतं, ते बॉनेटवरून ओघळून खाली पोर्चच्या लादीवर आणि तिथून तगरीच्या आळ्यात जात होतं. अर्ध्या तासाने डाग साफ. मग कंपाउंड, पॉलिश, वॅक्स. चार वाजता बॉनेटवर वाकून बघितलं तर पोर्चचे सिंह उलटे दिसत होते, आयाळीसकट.

संध्याकाळी पाचच्या सुमारास बस आली. सगळी उतरली, हातात प्रसादाच्या पिशव्या, आणि गाडी बघून गलका. कोण बोलतंय नवीन घेतली काय रे बाळाराम, कोण बोलतंय काश्या, आता माझ्या टेम्पोला पण हात मार. दादा मागून आला. गाडीभोवती एक चक्कर मारली. मी कपडा हातात धरून उभा होतो, पन्नाशी ओलांडलेला माणूस, शाळेतला निकाल लागायचाय तसा. दादा बॉनेटपाशी थांबला. हात ठेवला, मधोमध. मग वाकला. मग बाजूने बघितलं, उजेडाच्या अंगाने. बोलला, इथलं. मी बोललो, कुंकवाचा डाग होता दादा, फार आत गेला होता, काढला. तो बोलला, बरं. आणि चपला काढून आत गेला.

वहिनी तशीच उभी होती. तिने मला सांगितलं. पूजेला भटजी आला होता, पण आय बोलली गाडीवर हात मी फिरवणार. बॉनेट उंच, म्हणून तिला पाटावर उभं केलं. तिने करंगळीशेजारचं बोट कुंकवात बुडवून स्वस्तिक काढलं. तिला कधी पाटी-पेन्सिल माहीत नाही, उभ्या जन्मात अंगठा उठवलेला, शेवटची बाजू उलटी वळली. भटजी बोलला, आजी, चुकलं, पुसून परत काढू. दादा बोलला, राहू दे, माझ्या आयने काढलंय. आणि ते रंगात एवढं शिरलं त्यालाही कारण होतं. दादाने गाडी आधी घेतली आणि लायसन नंतर काढलं, त्यामुळे गाडी महिनाभर अंगणात उन्हात उभी, पोर्चचं छप्पर तेव्हा झालं नव्हतं, आणि दादा कुणाला बॉनेट पुसू देत नव्हता. वहिनी बोलली, भावजी, पॉलिशने ते जातं हे मला कुठे ठाऊक, मला वाटलं नुसतं चमकवतात. आणि मग बोलली, तुम्ही पूजेला होता ना. मला आपलं वाटत होतं तुम्ही होता.

मी नव्हतो. मी पॅड धुवत होतो.

फोटो नाही का, तर आहे. दादाच्या मुलीने, प्राचीने, काढलेला आहे मोबाईलवर. आय गाडीसमोर उभी आहे, डोक्यावर पदर, हात खाली सरळ सोडलेले. बॉनेटच्या बरोबर मधे उभी आहे. तिच्या मागे काय आहे ते दिसत नाही.

मी पायरीवर बसलो. सुनंदा बोलली, चला घरी. मला उठवेना. थोड्या वेळाने दादा बाहेर आला, खुर्चीत बसला. आणि दीड वर्षात पहिल्यांदा माझ्याशी पुरतं वाक्य बोलला. बोलला, काश्या, लोकं बोलतात पॉलिश काय टिकत नाय, दोन-चार महिन्यांत उतरतं आणि खालचं सगळं परत दिसतं. खरं काय.

आता बघा. मला लछू सेठकडे सात वर्षं जे पटलं नाही, ज्याच्यावरून मी दुकान सोडलं, ज्याच्यावर मी आयुष्यभर गिऱ्हाइकांसमोर नाक वर करून बोललो, ते काम मी त्या दिवशी केलं असतं, भरलं असतं तेलकट पॉलिश आणि ओढलं असतं वरून वॅक्स, तर आय परत आली असती. पावसाळ्याच्या आत आली असती. खोटं काम करणारा कुठलाही माणूस चालला असता. दादाच्या दारात नेमका मी गेलो.

मी दादाला बोललो, हो दादा. वॅक्स उतरलं की दिसेल.

त्याने विचारलं, किती दिवस. मी बोललो, चारेक महिने, धुण्यावर असतं. तो बोलला, मग धुवायला येत जा रविवारचा.

तेव्हापासून मी रविवारी जातो. रविवारची कामं सोडली, गिऱ्हाइकं थोडी तुटली. मी पोचतो तेव्हा दादाने गाडी पोर्चच्या बाहेर उन्हात काढलेली असते, नळाला पाइप लावलेला असतो. तो पाणी मारतो, मी फेस करतो. आम्ही बोलतो. कुणाच्या पोराचं लग्न, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन, नाल्याकडच्या जमिनीत काकडी लावावी का. एकदा त्याने सायकलचा विषय काढला, रिममध्ये तुझं तोंड वांग्यासारखं दिसायचं बोलला, आणि आम्ही दोघं पाइप चालू ठेवून हसत राहिलो, वहिनी आतून ओरडली की पाणी जातंय. आणि शेवटी, पुसून झालं की दादा बॉनेटच्या अंगाला जातो, वाकतो आणि उजेडाच्या बाजूने बघतो. मी तेव्हा चाकं पुसतो. चाकं पुसायला मान खाली घालावी लागते.

चार महिने झाले. मग सहा झाले. दादा बोलला, तुझं वॅक्स घट्ट बसलंय रे. मी बोललो, माल चांगला वापरला होता. तो बोलला, काम चांगलं केलंस ना, म्हणून. हे टोमण्याने बोलला का सरळ, मला कळलं नाही, दादाच्या तोंडावरून कळतच नाही कधी. आता वर्ष उलटून गेलं. माझं कार्ड त्याच्या कपाटात आहे, लाल अक्षरातलं वाक्य त्याने वाचलेलं आहे. त्यामुळे कधी वाटतं, ह्याला पहिल्यापासून माहीत आहे. आणि कधी वाटतं, नाही, हा खरंच वाट बघतोय, आणि मी त्याला बघायला लावतोय. मागच्या महिन्यात प्राचीला तो सांगत होता, मी ऐकलं, बोलत होता, येईल गो, आयचा हात हाय तो, जरा वेळ लागंल.

सुनंदा एकदा बोलली, तुम्हीच का नाही काढत तसंच, कुंकू लावा, महिनाभर उन्हात ठेवा, रंगात उतरेल. उतरेल ना, ते मला माहीत नाही का. पण उलटी बाजू कुठली होती, वरची का खालची, ते मला आठवत नाही. बघितली होती, हसलो होतो, आणि आठवत नाही. आणि आठवली तरी ते माझं बोट.

कामाची पद्धत मात्र बदलली. आता मशीन काढायच्या आधी मी मालकाला घेऊन गाडीभोवती फिरतो आणि विचारतो, काही ठेवायचंय का. लोक हसतात. डाग काय ठेवायचे काका, काढायलाच तर बोलावलंय. मी बोलतो, घरात विचारून या. परवा कात्रपला एकजण असाच हसला, तरी वर गेला, पाच मिनिटांनी खाली आला आणि बोलला, डाव्या मागच्या दारावरचा तो लांब ओरखडा आहे ना, तो राहू द्या. का ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मी त्यावर टेप लावली आणि बाकीची गाडी केली.

तुम्ही हे लिहून घेताय, छापून येईल म्हणता. येऊ द्या. दादा वाचत बसणारा नाही, पण प्राची वाचते, आणि माझं नाव बघितलं की त्याला वाचून दाखवणारच. म्हणून एक गोष्ट नीट लिहा, फिरवून लिहू नका. बॉनेटवर मी वॅक्सखाली काही लपवलेलं नाही. मी ते काढलं. पाणी होऊन तगरीच्या आळ्यात गेलं. ते परत येणार नाही. हे मला त्याच्यासमोर बोलायला जमलं नाही, पन्नास रविवार प्रयत्न केला, बादली उचलली की तोंड बंद होतं.

तुमच्याकडे वाचणारे असतील त्यांना देव सुखी ठेवो, आमची काही तक्रार नाही. हे कधी छापून येईल ते मला सांगा. त्याच्या नंतरच्या रविवारी मी नेहमीसारखा नऊला जाईन, कपडे आणि शाम्पू घेऊन. गाडी उन्हात काढलेली असली आणि नळाला पाइप लावलेला असला, तर मी फेस करायला घेईन. नसला, तरी जाऊन पायरीवर बसेन.